केळ्याची भजी? छे, पळम पोरी!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच, तेव्हा सांभाळून घ्या!

माझी रूममेट त्रिशूरची. फर्स्ट इयरला सुट्टीहून येताना तिने डबा भरून पळम पोरी आणली होती. मी सगळ्यांसमोर "ई, केळ्याची भजी!" म्हणून हसले. तिने डबा बंद केला, तो पुन्हा उघडलाच नाही.

यंदा दिवाळीत केटीमुळे ती होस्टेलवरच राहिली. मी वसईला, घरी. म्हटलं, आपणच करू.

आधी साधी केळी घेतली. तेलात पडताच पीठ एकीकडे, केळं दुसरीकडे! आई म्हणाली, "अगं, राजेळी आण." केरळातलं नेंद्रन म्हणजे जवळपास आपलं राजेळीच, ज्याची आमच्याकडे सुकेळी करतात ते!

सालीवर काळे डाग पडेपर्यंत दोन दिवस थांबले. मग उभे काप, १ वाटी मैदा, २ चमचे तांदळाचं पीठ (कुरकुरीतपणा याचाच), तेवढीच साखर, हळद, मीठ. पीठ कापाला धरून राहील इतकं दाट. आच मध्यम, नाहीतर साखर करपते. तिकडे खोबरेल तेलातही तळतात, पण त्याला आईने साफ नकार दिला.

लोकलच्या गर्दीतून डबा होस्टेलवर पोचेपर्यंत कुरकुरीतपणा गेलाच. तिने एक खाल्ली. "मऊ झालीय," म्हणाली आणि दुसरी उचलली.

सॉरी मात्र राहूनच गेलं. तिला मराठी वाचता येत नाही. मॅगझिन आलं की हे मीच वाचून दाखवणार आहे.