रेंटनच्या पत्त्यांचे व्याकरण

सिअ‍ॅटल शहराच्या दक्षिणेला, वॉशिंग्टन सरोवराच्या टोकाशी रेंटन नावाचे गाव आहे. गाव आपले म्हणायचे. एरवी इथे बोइंगचा प्रचंड कारखाना असून ७३७ जातीची विमाने तिथे जोडली जातात. सीडर नदी गावातून वाहत येऊन सरोवराला मिळते. आभाळ निरभ्र असेल तर दूरवर रेनियर पर्वताचे पांढरे शिखर दिसते. पण हिवाळ्यात निरभ्र आभाळ ही तिथे चैनीची वस्तू आहे. पावसाची रिपरिप चालू असते आणि माणसे संध्याकाळी छपराखाली जमतात. प्रवासी विमाने पाहतात, सरोवर पाहतात आणि पुढे जातात. मला मात्र तिथे पत्ते पाहायचे होते.

ताईचा मुलगा तिथे नोकरीला आहे. दर शुक्रवारी तो पत्ते खेळायला जातो हे कळल्यापासून ताईच्या डोळ्याला डोळा नव्हता. "तू त्याचा मामा आहेस. पैसे लावून खेळतात का, कसली माणसे येतात, सगळे नीट बघून ये," असे तिने मला बजावले होते. म्हणून एका शुक्रवारी मी भाच्याबरोबर त्या दुकानात गेलो.

लांब टेबले, त्यांवर माणसे वाकलेली. टपालखात्यातले एक पिकल्या केसांचे गृहस्थ, काही विद्यार्थी, विणकामाची पिशवी शेजारी ठेवलेल्या एक बाई, आणि अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा. दारूचा वास नाही, सिगारेटचा धूर नाही. लग्नघरात रुखवत मांडावे तसे पत्ते मांडलेले.

खेळाचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या प्राध्यापकाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याची प्रकाशनसंस्था याच रेंटन गावात आहे. आपले पत्ते बावन्न. यांचे निरनिराळे पत्ते पंचवीस हजारांहून अधिक! त्यांतून प्रत्येकाने आपला निदान साठ पानांचा जोड निवडून आणायचा. शिवाय बहुतेक पानांवर त्यांचा स्वतःचा कायदा छापलेला असतो. नियमांचा ग्रंथ अडीचशे पानांच्या वर, आणि त्याच्या आरंभीच सांगितले आहे की ग्रंथ आणि पान यांत विरोध आला तर पानाचे खरे. एक पान 'करता येईल' म्हणत असेल आणि दुसरे 'करता येणार नाही' म्हणत असेल, तर नकार जिंकतो.

आम्ही पाहत होतो त्या टेबलावर तो मुलगा आणि टपालखात्यातले गृहस्थ खेळत होते. मुलापाशी एक अस्वल होते. बळ दोन, सहनशक्ती दोन. ते त्याने हल्ल्यास धाडले आणि 'जायंट ग्रोथ' हे पान टाकले. त्याने अस्वल त्या पाळीपुरते पाचाला पाच होते. गृहस्थांनी शांतपणे 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. म्हणजे तीन घावांची वीज. अस्वल मेले.

"पण मी आधी टाकले होते!" मुलगा रडवेला झाला. त्याने हात वर केला. एक तरुण पंच बाई आल्या. दोन्ही पाने एकावर एक ठेवून त्या म्हणाल्या, "शेवटी ठेवलेले आधी उचलायचे." पंगतीनंतर ताटांची चळत लावतात, तसे ते. वरचे ताट आधी निघते. वीज नंतर आली म्हणून आधी पडली, तेव्हा अस्वल अजून दोनाचेच होते. आणि मेलेल्या अस्वलाला वाढ कशी मिळणार?

मी भाच्याला म्हटले, "म्हणजे नंतरचा बलवान. हे तर पाणिनीने सांगून ठेवले आहे!" समान बळाच्या दोन सूत्रांत विरोध आला तर पुढचे सूत्र घ्यावे, असा त्या सूत्राचा परंपरेने अर्थ लावला जातो. २०२२ साली ऋषी राजपोपट या तरुण संशोधकाने केंब्रिजमध्ये त्याचा वेगळाच अर्थ मांडला, इतका तो वाद जिवंत आहे.

"मामा, आमच्यातही अपवाद आहेत," भाचा हसून म्हणाला. "'ब्लड मून' हे पान म्हणते, साध्या जमिनी सोडून बाकीच्या सगळ्या डोंगर झाल्या. 'अर्बोर्ग' ही जमीन म्हणते, सगळ्या जमिनी दलदलही झाल्या. आता कोणाचे ऐकायचे?"

"जे नंतर आले त्याचे."

"एरवी तसेच. पण अर्बोर्ग स्वतःच साधी जमीन नाही. ब्लड मूनने तिचा डोंगर केला की तिचे बोलणेच पुसले जाते. तेव्हा कोणीही आधी येवो, ब्लड मूनच आधी लावायचा."

ज्याचे अस्तित्वच दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याने आधी दुसऱ्याचा निकाल ऐकावा, हे तत्त्व मला फार आवडले.

पैशाचे म्हणाल तर तिथे डावावर पैसे लावत नव्हते. पण शौक स्वस्त नाही. दुर्मीळ पानांचा बाजार मोठा आहे. 'ब्लॅक लोटस' या पानाची एक प्रत २०२१ साली पाच लाख डॉलरच्या वर गेली. भाच्याने दरमहा ठरलेल्या रकमेची वही दाखवली. मग हळूच म्हणाला, "इथे आलो तेव्हा कचेरीबाहेर मला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. आता शुक्रवारी वीस जण मारतात." ताईला मी रात्री फोनवर हेच आधी सांगितले, बाकीचे नंतर.

त्या टेबलावर पुढचा डाव रंगला होता. मुलाचे अस्वल पुन्हा आले. गृहस्थांनी पुन्हा वीज टाकली. या वेळी मुलगा थांबला होता. आता त्याने वाढ टाकली. ती वरचे ताट, म्हणून आधी लागली. अस्वल पाचाचे झाले आणि तीन घाव सोसून उभे राहिले.

"पण पाळी संपली की वाढ जाईल. मग घावांनी मरेल ना?" त्याने काळजीने विचारले.

"नाही," गृहस्थ म्हणाले, "वाढ आणि घाव एकाच क्षणी पुसले जातात."

डाव शेवटी गृहस्थांनीच जिंकला. मुलाने हात पुढे करून हस्तांदोलन केले आणि पाने पिसायला घेतली.