मागच्या सीटखालचा वास

नांदेड ते हैदराबाद हा रस्ता आमच्या घराला पाठ आहे. नरसी, देगलूर, सीमा ओलांडली की मद्नूर, पिटलम, जोगिपेट, संगारेड्डी. पटनचेरूच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की बाबांचा फोन ठरलेला, "पोचलात का?" गेल्या जूनमध्ये मात्र उलटं झालं. बाबा स्वतः गाडी चालवत आले आणि दर अर्ध्या तासाने फोन मी करत होतो. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. "मला आता गाडी कशाला? तूच ठेव," म्हणत त्यांनी आपली २०१२ ची पेट्रोलची छोटी गाडी आमच्या कोंडापूरच्या बेसमेंटमध्ये आणून लावली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आत पेट्रोलचा भपकारा. गच्चीबावलीच्या पुलापर्यंत जाईतो मागे बसलेल्या लेकीला उलटी झाली.

"बाबा, रस्ताभर तुम्हाला वास नाही आला?"

"नाही बुवा. जोगिपेटला टाकी फुल केली, तेव्हाही नाही."

काचा उघड्या असतील, असं मी समजलो. बायकोने सरळ सांगितलं, ही गाडी विका. मला ते जमेना. त्या गाडीत आईची शाल अजून मागच्या काचेपाशी ठेवलेली होती.

सर्व्हिस सेंटरने टाकीचं झाकण बदललं, बिल लावलं. वास गेला. आठवड्याने पुन्हा आला. मग मी ऑफिसात करतो तेच केलं. जो बग आपल्याला हवा तेव्हा पुन्हा घडवता येत नाही, तो सुटला असं कधी म्हणू नये. फोनवर नोंदी ठेवल्या. सकाळी थंड इंजिन, बॉनेट उघडून हुंगलं, काही नाही. म्हणजे इंजेक्टरच्या बाजूला गळती नसावी. पुढच्या सीटवर कमी, मागे जास्त. आणि खरी मेख चौथ्या नोंदीत सापडली: वास टाकी फुल केल्यावर दोन दिवस येतो, काटा अर्ध्यावर आला की नाहीसा होतो. झाकणाने काही केलंच नव्हतं, तेव्हा पेट्रोल खाली गेलं होतं इतकंच. गळती टाकीच्या डोक्यावर होती.

टोलीचौकीच्या एका गल्लीतल्या उस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. (बीई झाल्याचा असा उपयोग क्वचितच होतो.) बाबाही सोबत आले होते. उस्तादांनी गाडी शेडबाहेर मोकळ्यावर घेतली, बिडी ओढणाऱ्या पोराला पिटाळलं आणि मला बजावलं, "फोन अंदर नक्को साब." पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. हे सगळं चांगल्या हवेत करायचं कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, खाली साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी एक ठिणगी पुरे. आमचं बेसमेंट, आणि तिथले मीटरबॉक्स, मला तिथे उभ्या उभ्या आठवले.

मागची सीट उचलली. खाली एक झाकण, त्याखाली पेट्रोल पंपाचं तोंड. सगळीकडे कोरडी धूळ, एका बाजूला मात्र काळा ओला चिखल. आतलं पॅकिंग निघालं ते वाळल्या पापडासारखं, दोन ठिकाणी तडकलेलं. "बारा साल का रब्बड है साब, कित्ता चलेंगा?" त्यात जुनं रबर आणि हल्लीचं एथनॉल मिसळलेलं पेट्रोल यांचं फारसं पटत नाही, असंही ते म्हणाले.

पॅकिंग आणायला राणीगंजला जायचं ठरलं. ते तुकडे उस्तादांनी नमुना म्हणून बाबांच्या हातात ठेवले. इतका उग्र वास की मी मान फिरवली. बाबांनी नाकाशी धरलं, दोनदा हुंगलं.

"काहीच येत नाही रे."

मग हळूहळू बाहेर आलं. २०२१ च्या करोनापासून वास गेलाय. फोडणी करपली तरी ताटात आल्यावरच कळतं. "तुम्हाला कशाला सांगत बसायचं?" म्हणाले. म्हणजे टाकी फुल करून जोगिपेटपासून हा माणूस त्या वाफेत बसून आला होता, आणि नांदेडच्या स्वयंपाकघरात रोज एकटा गॅस पेटवत होता. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वासाचं मर्कॅप्टन घालतात. ती सगळी सोय बाबांच्या बाबतीत फुकट होती.

हुसेनसागराला वळसा घालून राणीगंजला पोचेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. पंप, बेअरिंग, पट्टे, नळ्या यांनी ओसंडणारी ती दुकानं. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "पेट्रोल का होना कि पानी का?" पाण्याच्या पंपाची रिंग बसवली तर ती पेट्रोलमध्ये फुगते आणि परत गळते. त्याने एथनॉललाही टिकेल अशी व्हिटॉनची दिली. त्याच संध्याकाळी मी गॅसगळतीचा अलार्मही घेतला.

पॅकिंग बसवल्यावर सीट लगेच टाकली नाही. टाकी फुल करून, खड्ड्यांवरून फिरवून, कागदाने पुसून पाहिलं. कोरडं. पंपावर नळी एकदा खट् करून थांबली की वर आणखी भरू नका, एवढं उस्तादांनी जाता जाता सांगितलं.

दिवाळीला त्याच गाडीने नांदेडला गेलो. देगलूरला टाकी फुल केल्यावर मागून लेक ओरडली, "आबा, वास नाही!" ती आता घरातली अधिकृत हुंगणारी आहे. अलार्म मी ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर वर लावला, कारण गॅसही खालीच साचतो. बाबा म्हणाले, चालतो का बघू. बटण दाबलं तसा तो असा किंचाळला की दोघंही दचकलो.

"बास बास," बाबा म्हणाले, "शेजारचे धावत येतील."