वहिनीची अक्षरे

"वहिनी, ते मशीन विकून टाका," असे मी म्हणाले, तेव्हा दादाला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

२०२१चा मे महिना होता. मिरजेतले एसटी स्टँडजवळचे दादाचे दुकान दोन महिन्यांपासून बंद होते आणि मशीनच्या कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. दादाने जुने मशीन काढून हे नवे घेतले २०२०च्या फेब्रुवारीत. पुढच्याच महिन्यात सगळा देश कुलूपबंद झाला. घरात पुतण्या दहावीला, आई सत्तरीची. अशा वेळी कोणीतरी व्यवहाराचे बोलायला हवे, असे मला वाटले आणि ते काम मी स्वतःकडे घेतले. आम्हा लिहिणाऱ्यांना मुद्दे मांडायची फार हौस असते.

मुद्दे तसे खोटे नव्हते. दादाच्या धंद्याला लोक 'रेडियमचे काम' म्हणतात. खरे तर त्यात रेडियम नावालाही नसते. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या त्या धातूशी या चिकट फिल्मचा काही संबंध नाही. ती असते साधी व्हायनिल, म्हणजे पीव्हीसीची रंगीत पातळ फिल्म, मागे गोंद आणि त्याखाली मेणचट कागद. पण रात्री दिव्याच्या झोतात चमकणाऱ्या पट्ट्यांमुळे हे नाव पडले आणि पुढे सगळ्याच फिल्मला चिकटले. या धंद्यातले एकेक काम माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. मोटारींच्या काचांना काळी फिल्म लावायचे काम २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी सुरक्षा क्रमांकपट्टी आली, तेव्हा नंबर प्लेटही हातची निसटू लागली. दुकानांचे मोठे फलक तर केव्हाच फ्लेक्सने गिळले होते. "मग उरले काय?" मी विचारले.

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नावं उरलीत की, वन्सं. माणूस गाडी घेतो, दवाखाना काढतो, नाव तर घालणारच. सहा महिने द्या मला. नाही जमलं तर तुम्हीच गिऱ्हाईक बघा."

मला हसू आले नाही, पण विश्वासही बसला नाही. वहिनीने कधी संगणकाला हात लावलेला नव्हता. एक गोष्ट मात्र मी विसरत होते. गेली बारा वर्षे रोज रात्री दादा कापलेले रोल घरी आणायचा आणि जेवणे झाल्यावर वहिनी ते सोलत बसायची. मशीनचे पाते फक्त अक्षराची कड कापते. अक्षराभोवतीची आणि पोटातली नको ती फिल्म हातानेच उचलून काढावी लागते. 'क'च्या पोटातला तुकडा काढायचा, पण अनुस्वाराचा टिंब कागदावरून हलू द्यायचा नाही, हे सुईच्या टोकाचे काम आहे. टीव्हीवरची मालिका बघत बघत वहिनी ते करायची. बोर्डावर चढलेले मिरजेतले कितीतरी शब्द आधी तिच्या मांडीवरून गेले होते.

ठरले असे, की दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मी मिरजेला यायचे आणि तिला कोरल ड्रॉ शिकवायचे. पदविकेच्या वर्षी मी पानांची मांडणी शिकले होते. अक्षरे लिहिणे, हलवणे, लहानमोठी करणे मला येत होते. तेवढ्यावर मी गुरू झाले.

पहिल्याच धड्यात कळले, की कागदावर छापण्यासाठी केलेली अक्षरे आणि कापण्यासाठी केलेली अक्षरे यांत फार अंतर आहे. छपाईयंत्र ठिपके पाहते, पाते फक्त रेषा पाहते. पडद्यावर तुम्ही अक्षर लाल करा, सोनेरी करा, त्याला सावली द्या, पात्याला त्याचे काही नाही. त्याला हवी असते कडेची एक अखंड वाट: इथून नीघ, असे वळ, परत इथे येऊन थांब. म्हणूनच कोणी मोबाइलवर आईवडिलांचा फोटो दाखवून "हा काढून द्या" म्हणाले, की आधी त्याच्या रेषा पाडाव्या लागतात. त्या संगणकाकडून आपोआप पाडून घेतल्या तर वळणावळणावर नको इतके बिंदू पडतात आणि पाते थरथरत चालते. जिथे चार बिंदूंत वळण होते तिथे चाळीस कशाला? ही काटछाट वहिनीला पटकन जमली. "भरतकामाचा छाप काढताना आई हेच सांगायची," ती म्हणाली, "टिंबं कमी, गोलाई चांगली."

पात्याचे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे होते. ते दादाच्या वहीत सापडले. निळ्या पुठ्ठ्याची उधारीची वही, तिच्या मागच्या पानांवर त्याचे वळणदार अक्षर. 'लाल साधी - जोर ९०. चंदेरी चमकणारी - जोर १३०, सावकाश. आधी चौकोन कापून बघणे.' हा जोर ग्रॅममध्ये असतो. तो इतकाच हवा, की फिल्म कापली जावी आणि खालचा कागद शाबूत राहावा. फिल्मची जाडी सुमारे ८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या बारा भागांतला एक. कमी जोर लावला तर सोलताना अक्षर फाटते, जास्त लावला तर कागदासकट तुकडे हातात येतात. म्हणून प्रत्येक नव्या रोलवर आधी लहानसा चौकोन कापून, तो सोलून, कागदाच्या पाठीवर बोट फिरवून बघायचे. ही बोटाची परीक्षा वहिनीला शिकवावी लागली नाही. कागद किती दुखावला आहे हे तिला बारा वर्षे सोलताना कळत होतेच. 'यांनी आज जोर जास्त लावलाय' असे ती दादाला सुनवायची.

खरी अडचण आली ती आपल्या लिपीची. जुन्या फायलींमध्ये श्री-लिपीचे फॉन्ट होते, नव्या संगणकावर युनिकोड. पुतण्याने उत्साहाने जालावरून कापणीचे एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतले, तर त्यात 'शिवाजी'मधला ऱ्हस्व इकार 'श'च्या पुढे जाऊन बसला. एका डेअरीवाल्याने 'लक्ष्मी' बघून मान हलवली. "हा ल आपला नाही बाई," तो म्हणाला. खरेच होते. पुष्कळ फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात, मराठी वळणाचे निवडून घ्यावे लागतात. इतकी वर्षे मुद्रिते तपासून मला जे चटकन दिसले नव्हते, ते त्या दूधवाल्याला दिसले.

आषाढीच्या आधी पाण्याच्या टँकरवर 'वारकऱ्यांच्या सेवेत' असे लिहायचे काम आले. पहिल्या वर्षी वारी पायी निघाली नव्हती, हे २०२२ साल. वहिनी टाइप करी आणि पडद्यावर 'ऱ्या'ऐवजी रफार घेतलेला 'र्या' उमटे. तिने फोन केला. मी म्हटले, "इन्स्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टबरोबर दाबा. खाली टिंब असलेला र येईल. त्याला हलन्त द्या, मग य." दोन मिनिटे शांतता. मग, "आला! दऱ्याखोऱ्यांतला आला!" त्या दिवशी मला आपण काहीतरी शिकवले असे वाटले.

आणि त्याच महिन्यात मी तिला खड्ड्यात घातले.

एका शाळेच्या दोन बसगाड्यांचे काम मिळाले होते. दोन्ही बाजूंना शाळेचे नाव, खाली गाव. अक्षरे सहा इंच उंच, रंग गडद निळा. एवढे मोठे काम पहिलेच, म्हणून मी म्हटले, अक्षरे मी मुंबईतून करून पाठवते. तीनदा वाचली, एकही चूक नव्हती. अक्षरांचे रेषांत रूपांतर केले, फाइल धाडली आणि निर्धास्त झोपले.

दोन दिवस वहिनीचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी पुतण्याने सांगितले, "आत्या, शिरोरेषा तुटली सगळी."

झाले असे. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा डोक्यावर घेऊन येते आणि शेजारच्या अक्षरावर ती किंचित चढते. म्हणून तर शब्दावरची रेषा सलग दिसते. डोळ्याला सलग दिसते, पात्याला नाही. ते आधी एका अक्षराची पूर्ण कड कापते, मग दुसऱ्याची. जिथे दोघांची टोके एकमेकांवर चढली तिथे दोन उभ्या चिरा पडतात आणि मधे सुतासारखी कपची उरते. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असल्यामुळे त्यांना सहसा हा ताप नाही. आपल्या लिपीत कापण्यापूर्वी सगळा शब्द 'वेल्ड' करून एकजीव करावा लागतो. मी तो केला नव्हता. रंग भरलेला असल्यामुळे मला पडद्यावर ते दिसलेही नव्हते. साडेसहा मीटर निळी फिल्म कापून झाल्यावर, सोलताना कपच्या निघू लागल्या तेव्हा वहिनीला ते दिसले. ती फिल्म बसवर लावली असती तर पहिल्याच पावसात प्रत्येक सांध्यात पाणी शिरून कडा उचलल्या असत्या.

मी लगेच फोन केला. फिल्मचे पैसे पाठवते म्हणाले.

"पैसे राहू द्या. मी दुपारीच दुसरी कापली," ती म्हणाली.

"वेल्ड कसं सापडलं?"

"यांच्या वहीत होतं. 'कापायच्या आधी वायरफ्रेम बघणे.' मला वाटायचं वायर म्हणजे प्लॉटरची वायर. सहा महिने मी प्लग बघत होते, वन्सं." आणि ती हसायला लागली. दादा गेल्यानंतर इतके मोकळे हसताना मी तिला प्रथमच ऐकले. मग तीच सांगू लागली, की वायरफ्रेम केल्यावर रंग निघून जातो, नुसत्या रेषा राहतात आणि कोण कोणाच्या डोक्यावर चढले आहे ते सगळे उघडे पडते. एकदा वेल्ड केले की मात्र शब्द टाइप केलेला राहत नाही, चित्र होतो. मग चूक सापडली तरी अक्षर बदलता येत नाही. म्हणून तिने आता नियम केला आहे: गिऱ्हाइकाने वाचून कागदावर सही करायची, मगच वेल्ड.

बसगाड्यांना अक्षरे लावायला त्या रविवारी मीही गेले. पिवळ्या पत्र्यावर साबणाचे पाणी मारून, वरून टेपने उचललेला अख्खा शब्द तिने अलगद टेकवला, प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडांकडे पाणी ढकलले आणि टेप अगदी सपाट, उलटी ओढत काढली. माझ्याकडे ओला फडका धरण्याचे काम होते.

कर्ज २०२४ मध्ये फिटले. मशीन विकायचा विषय मी पुन्हा काढला नाही, तिनेही मला त्याची आठवण दिली नाही. हे दुसरे जास्त कठीण असावे.

गेल्या दिवाळीत दुकानाचा फलक बदलायचे ठरले. तो दादाने मशीन येण्याच्या खूप आधी, पेंटर होता तेव्हा ब्रशने रंगवला होता. त्या काळी कमल शेडगे यांनी केलेली नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे तो वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवायचा. तसे आपल्याला यावे म्हणून तो रात्र रात्र पाटीवर गिरवायचा. फलकाच्या खालच्या ओळीत 'सर्व प्रकारची अक्षरे वेळेवर मिळतील' असे आहे. उन्हाने रंग उडाला होता. मी फोटो काढला, संगणकाकडून रेषा पाडून घेतल्या आणि पाठवल्या. वहिनीने त्या पुसून टाकल्या. फोटोवर स्वतः एकेक बिंदू ठेवत तिने सगळी ओळ पुन्हा काढली. रोज रात्री थोडी थोडी, पंधरा दिवस.

एका रात्री तिचा फोन आला. "वन्सं, एक विचारायचं होतं. 'वेळेवर'मधला ळ आणि 'मिळतील'मधला ळ सारखे नाहीत. दुसऱ्याची गाठ बारीक झालीये. फळी संपत आली असणार, यांनी दाबून बसवलाय. पहिला उचलून तिथे ठेवू का?"

मी थोडा विचार केला. "नको. आहे तसाच ठेवा."

"तसाच कापलाय," ती म्हणाली. "सोलूनही झाला. सहज विचारलं."