तपकिरीची डबी

माझ्या दादीच्या बटव्यात तपकिरीची पत्र्याची डबी असे. चिमूटभर नाकात गेली की तीन शिंका ठरलेल्या. "अलहम्दुलिल्लाह" म्हणत ती कहाणीचा धागा पुन्हा धरायची. तिच्या पऱ्या, जिन, शहजादे सगळे आमच्या सोलापुरी घरातली दखनीच बोलायचे.

ती डबी आठवली ती रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. त्यात स्कॉटलंडमधल्या जुन्या तपकिरीच्या डब्यांची चित्रं आहेत. एअरशायरमधलं मॉखलिन हे गाव एकोणिसाव्या शतकात या कामासाठी नावाजलेलं. सिकॅमोरचं लाकूड, बिजागरीही त्याच लाकडात कोरलेली, झाकण असं घट्ट की तपकीर सुकू नये. काही झाकणांवर शाईनं काढलेली चित्रं, काही डब्यांवर कोरीव काम. आणि विषय पुष्कळदा रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतला. १७९१ साली छापलेली 'टॅम ओ' शँटर' ही त्याची कविता. दारू पिऊन अपरात्री घरी निघालेला टॅम, पाठीमागे चेटकिणी. वाहतं पाणी त्यांना ओलांडता येत नाही, म्हणून तो पुलाकडे घोडी पिटाळतो. तो वाचतो, घोडीची शेपटी मात्र चेटकिणीच्या हाती राहते! बर्न्स याच मॉखलिनजवळ शेती करायचा आणि लिहायचा ते गावच्या स्कॉट्स बोलीत. शाळेत शुद्ध इंग्रजी शिकवत असतील. लोकांच्या खिशात मात्र ही बोली होती.

इथे मी पुस्तक मिटलं.

बी.एड. करून मी उर्दू शाळेत लागले तेव्हापासून मुलांच्या वह्यांतलं 'मेरेकू' खोडते आहे. ते माझं कामच. पण एका संध्याकाळी दादी माझ्या मुलाला कहाणी सांगत होती. शहजादा विहिरीपाशी आला आणि आतून आवाज आला, "अंदर नको उतर." मी वह्या तपासता तपासता म्हटलं, "दादी, 'नको' नहीं, 'मत' कहिए. बच्चा वही सीखेगा."

दादीनं डबी उघडली होती, ती तशीच बंद केली. "तू पढी-लिखी है बेटा, अब तूच बोल," एवढंच म्हणाली. रागावली नव्हती. पुढे माझ्या मुलाला तिनं कहाणी सांगितली नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

डबी माझ्या कपाटात आहे. मुलगा अजून विचारतो, शहजाद्याचं पुढे काय झालं? मी दोनदा स्वच्छ उर्दूत काहीतरी रचून सांगितलं. तो म्हणाला, "बडी दादी ऐसा नई बोलती थी."