शेवटच्या खंडावरचे केस

हुमणी ओळखायची तर तिच्या डोक्याकडे नंतर बघावं, आधी बुडाकडे. उसाच्या किंवा भुईमुगाच्या मुळाशी सापडणारी ही पांढरी, वळून पडलेली अळी वरवर सगळीकडे सारखीच: तपकिरी डोकं, सहा पाय, पोटातल्या मातीमुळे काळसर दिसणारं टोक. शेतकरी सगळ्यांना हुमणीच म्हणतो. पण तीच अळी उताणी करून शेवटच्या खंडाची खालची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की घराणी वेगळी होऊ लागतात. गुदद्वाराची फट आडवी की तीन फाट्यांची? तिच्या पुढचे राठ केस नुसते विखुरलेले की ओळीत? ल्यूकोफोलिस या वंशाच्या अळीत काट्यांच्या दोन उभ्या, जवळजवळ समांतर ओळी स्पष्ट दिसतात. शेणखताच्या ढिगातून निघणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळीत त्या नसतात आणि फट आडवी असते. ही अळी कुजलेलं खाते, पिकाच्या मुळांना तिचा उपद्रव नाही. तरी दरवर्षी कुणीतरी ती हुमणी समजून घाबरून घेऊन येतोच.

हे केस मोजत बसणं म्हणजे रिकामपणचा उद्योग, असं सांगणारे भेटतात. त्यांना मी होलोट्रिकिया सेराटा या हुमणीच्या जातीचं उदाहरण देते. वळवाचे चांगले पाऊस झाले की तिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे, हा उपाय तिथे लागू पडतो. नारळाची मुळं खाणाऱ्या ल्यूकोफोलिस कोनिओफोराचे भुंगेरे मात्र पाला खातच नाहीत. त्यांच्यासाठी कडुलिंब हलवत बसलात तर हाती पाचोळाच लागेल. जात चुकली की सल्लाही चुकतो.

अळीवरून बहुधा वंशापर्यंत पोचता येतं. जातीची खात्री करायची तर भुंगेरा लागतो, आणि तोही नर. रंगावर माझा विश्वास नाही. कोषातून नुकता बाहेर पडलेला भुंगेरा फिकट असतो, पुढे गडद होतो. आकारमानही अळीला काय खायला मिळालं त्यावर ठरतं. पुढच्या पायाच्या पोटरीवर माती उकरायचे दात असतात. त्यांचं वर्णन पुस्तकात मोठ्या डौलात केलेलं असतं, पण उकरून उकरून ते झिजतात आणि जुन्या मादीत नुसते उंचवटे उरतात. अंगावरचे केसही घासून जातात. म्हणून मी पोटाच्या आत लपलेला, झिजेपासून वाचलेला अवयव बघते: नराचा जननावयव.

वाळलेला भुंगेरा गरम पाण्यात टाकून मऊ होऊ द्यायचा. मग पोटाच्या टोकातून वाकड्या सुईने तो अवयव हळूच ओढून घ्यायचा. घाई केली तर पोट फाटतं, आणि जो नमुना पुढची शंभर वर्षं टिकायला हवा तो तिथेच खराब होतो. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ऊब दिली की मांस विरघळतं, कायटिनचं कवच शिल्लक राहतं. ते धुऊन ग्लिसरीनमध्ये ठेवायचं, आणि बघून झालं की इवल्याशा कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला खाली लावायचं. टोकाला दोन पाती असतात. बाहेरून जुळे वाटणाऱ्या दोन भुंगेऱ्यांत एकाची पाती सरळ, दुसऱ्याची आकडीसारखी वळलेली, असं दिसलं की दिवस सार्थकी लागतो. असं का, यावर वाद जुना आहे. लेऑं द्युफूर यांनी 1844 मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: परजातीशी संकर होऊ नये म्हणून ही घडण. विल्यम एबरहार्ड यांनी 1985 च्या पुस्तकात ती अपुरी ठरवून मादीच्या निवडीवर भर दिला. मला एबरहार्ड पटतात. पण टेबलावरच्या कामाला दोघांपैकी कुणीही चालतं.

खरी कसोटी पुढे, लिहिताना. वर्णन म्हणजे दिसलं ते सगळं टिपणं नव्हे. शेजारच्या जातीपासून ही कुठे फुटते, तेवढं नेमकं सांगता आलं पाहिजे. फाब्रिसियस यांनी अठराव्या शतकात लॅटिनच्या दोन-चार ओळींत भुंगेरे उरकले. तेव्हा तेवढ्याने भागत होतं, आता त्या ओळींत दहा जाती बसतात. आणि आपल्याकडची अडचण निराळीच. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत गिल्बर्ट ॲरो यांनी 1910, 1917 आणि 1931 साली भुंगेऱ्यांच्या कुळाचे सुंदर खंड लिहिले. सोनभुंगे, गेंडे, शेणकिडे सगळे आले. शेतकऱ्याला छळणाऱ्या मेलोलोंथिनी उपकुळाचा खंड तेवढा निघालाच नाही. 1971 साली गेऑर्ग फ्राय यांनी भारतातल्या होलोट्रिकियांची ओळखसूची केली ती जर्मनमध्ये. त्यामुळे आजही एक जात पक्की करायला कोश, चित्रं आणि परदेशी संग्रहालयांतले मूळ नमुने यांची सांगड घालावी लागते. नव्या जातीला नाव द्यायचं तर कोणता नमुना प्रमाण, हे 2000 सालापासून स्पष्ट नोंदवणं नियमानेच सक्तीचं आहे. वर्णन कितीही चांगलं असो, वाद झालाच तर शेवटी त्या टाचणीवरच्या देहाकडेच जावं लागतं.

चित्राबद्दल एक सांगते. फोटो चांगला असतो, पण धूळ, सुरकुती आणि लक्षण तिन्ही सारख्याच इमानाने दाखवतो. पेन्सिलीने काढताना प्रत्येक रेघेला आधी ठरवावं लागतं की हा केस आहे की कचरा. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले काही आठवडे कॅमेरा देत नाही. ते कुरकुरतात, कुरकुरू देत.

आणि तुमच्या रानात हुमणी निघाली, तर एवढं करा. नुसती पिशवीत घालून आणू नका. ती वाटेत काळी पडते, सडते. दोन-चार अळ्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मग स्पिरिटमध्ये ठेवा. झाडावर भुंगेरे दिसले तर तेही आणा, एक-दोन नाही, भरपूर, म्हणजे त्यात नर सापडतील. सोबत गावाचं नाव, तारीख आणि पीक लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. लिहायची पेन्सिलीने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते.