वाळू नव्हे, पाणी

वाळूच्या किल्ल्याकडे क्षणभंगुरतेचा धडा म्हणून बघायची आपल्याला सवय आहे. लाट आली, किल्ला गेला, तात्पर्य मिळालं. बांधणाऱ्याला मात्र किल्ला पडतो कसा यापेक्षा तो उभा राहतो कसा, याचंच कोडं मोठं. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३०-३५ अंशांहून अधिक चढ धरत नाही. त्याच वाळूची उभी भिंत आणि कमान होते ती पाण्यामुळे. कणांच्या सांध्यांत पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पाण्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. म्हणून माझं म्हणणं असं, की ही वाळूपेक्षा पाण्याची कला आहे. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात २०१२ साली आलेल्या एका अभ्यासात, आकारमानाच्या अवघं १ टक्का पाणी असताना वाळू सर्वांत भक्कम ठरली.

यावर कुणी म्हणेल, एवढंसं पाणी पुरत असेल, तर कसलेले कारागीर वाळूवर बादल्याच्या बादल्या का रिकाम्या करतात? कारण ते पाणी धरून ठेवण्यासाठी नसतंच. भरपूर भिजलेली वाळू थराथराने घालून धुम्मस केली, की कण सरकून एकमेकांत घट्ट बसतात आणि जादाचं पाणी खाली झिरपून जातं. मागे उरतं ते सांध्यांपुरतं. बिनतळाच्या लाकडी चौकटी वापरतात त्याही या ठोकणीसाठीच. ही मेहनत वगळून नुसती ओली वाळू रचली, तर पुढचं कोरीवकाम कितीही देखणं असो, कडा ढासळतात.

दिवाळीत मातीचे किल्ले करून हात बसलेला माणूस किनाऱ्यावर नेमका इथेच चकतो. चिकणमाती वाळली की कडक होते. वाळू वाळली की सुटते. म्हणून ऊन-वाऱ्यात पाण्याचा बारीक फवारा मारत राहावं लागतं. कोरीवकाम वरून खाली करायचं, म्हणजे सांडणारी वाळू झालेल्या कामावर पडत नाही. उंचीचा हिशेबही लबाड आहे. त्याच अभ्यासानुसार वाळूच्या खांबाचा घेर आठपट केला, तरी पेलणारी उंची चौपटच वाढते. उंच बुरूज हवा असेल तर हावरटपणा पायात दाखवावा, शेंड्यात नाही.

पोरखेळाला एवढं शास्त्र कशाला, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. मुलांना यातलं काही ठाऊक नसतं, हे खरं. पण ओहोटीने नुकतीच उघडी टाकलेली ओलसर वाळूच ती शोधून काढतात, म्हणजे परीक्षा त्यांच्याही हाताला असतेच. दुसरा आक्षेप समुद्राचा: शेवटी तो नेणारच ना? नेतो, पण धडक हे त्याचं एकमेव हत्यार नाही. भरतीचं पाणी आधी पायथ्याशी मुरतं, कणांमधली उरलीसुरली हवा हटवतं आणि सगळ्या पोकळ्या भरल्या की ते ओढून धरणारे पूलच उरत नाहीत. पाया बसतो, भिंत खचते. बेताच्या पाण्याने उभारलेलं अति पाण्याने जातं. त्यात नियतीचा हात शोधण्यापेक्षा भरतीची वेळ आधी बघून ठेवावी आणि ओहोटीच्या साधारण सहा तासांत आपलं काम बसवावं. किल्ला भरतीच्या आधीच ढासळला, तर मात्र दोष समुद्राला देता येणार नाही. ठोकणीत कसर राहिली असणार.