उंचीचा हिशेब

आमच्या दारात १९९९ सालची एक जिप्सी आहे. वडिलांनी ती २००७ साली निवृत्तीच्या पैशांतून, पहिल्या मालकाकडून विकत घेतली. तीही केवळ शेतावर जाता यावे म्हणून. शेत भोरच्या पलीकडे, नीरा-देवघरच्या अंगाला. डांबरी सडक सुटली की दीड किलोमीटरची गाडीवाट लागते. ट्रॅक्टरच्या चाकांनी तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत आणि मधोमध मातीदगडांचा उंचवटा राहिला आहे. पावसाळा सरता सरता चाकोऱ्या आणखी खचत आणि जिप्सी त्या उंचवट्याला घासू लागे. तो खरखराट ऐकून आम्हा दोघा भावांच्या जिवाचे पाणी होई. वडील मात्र शांतपणे म्हणत, "मधला उंचवटा पहारीनं काढा रे. दोन रविवारांचं काम आहे."

दोन रविवार पहार चालवण्याइतके आम्ही साधे नव्हतो. २०१४च्या दिवाळीत आम्ही गाडीच उंच करायचे ठरवले.

जिप्सी १९८५ साली भारतात आली ती सुझुकीच्या जिम्नी कुळातून, आणि अखेरपर्यंत तिच्या चारही चाकांवर पोलादी पाटेच राहिले. पाट्याचे एक टोक चासीला खिळलेले असते; दुसरे शॅकल नावाच्या दोन झुलत्या पट्ट्यांना टांगलेले असते. भार येऊन पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि ती वाढ हे झुलते टोक सामावून घेते. तयार परदेशी संचाची किंमत ऐकून आम्ही दुकानातून काढता पाय घेतला होता. आमच्यापाशी होते बारा हजार रुपये. तेव्हा स्वस्तातला मार्ग एकच: शॅकल लांब करायच्या. एका फॅब्रिकेटरकडून मूळ शॅकलपेक्षा दोन इंच लांब अशा पट्ट्या कापून घेतल्या आणि एका शनिवारी अंगणात चासीखाली घोड्या लावून कामाला लागलो. यू-बोल्टांना आदल्या रात्री डिझेल पाजले होते, तरी दोन कापावेच लागले. संध्याकाळी गाडी चाकांवर उतरवली, फूटपट्टी लावली, तर वाढलेली उंची भरली एक इंच!

रात्री कागदावर आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. अक्ष पाट्याच्या मध्यावर असतो. एक टोक दोन इंच खाली गेले, दुसरे जागच्या जागी राहिले, तर मध्य एकच इंच सरकणार. शाळेत शिकलेली भूमिती आम्ही बारा हजार रुपये हाती घेतल्यावर विसरलो होतो.

मग पाटे सोडवून पाटेवाल्या काकांकडे नेले. त्यांनी एकेक पाटा ऐरणीवर ठेवून थंडच ठोकला आणि त्याची कमान वाढवली. "गॅसवर तापवला की झटपट होतो, पण पोलादाचं पाणी उतरतं," ते म्हणाले. "आणि एक सांगू का साहेब, गाडी तुम्ही उंच करत नाही आहात. ती बसलेली होती, तिला उठवताय." ठोकलेले पाटे पुन्हा थोडे बसतील, हेही त्यांनी बजावले. त्यांच्या हातून दोन इंच मिळाले. एकूण तीन.

गाडी दिसायला देखणी झाली. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना, हे तपासण्याइतकी अक्कल सुदैवाने आम्हाला होती. परंतु महामार्गावर साठचा वेग गाठताच स्टिअरिंग भरकटू लागले. वळण संपले तरी चाक आपणहून सरळ होईना. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसा पुढच्या चाकांच्या किंगपिनांनाही मागे झुकलेला कल असतो आणि त्यामुळेच चाके सरळ धावतात. लांब शॅकलांनी पाट्याचे पुढचे टोक खाली ओढले, सबंध अक्ष नाकावर झुकला आणि तो कल हरवला. पाटा आणि अक्ष यांच्यामध्ये पोलादी पाचरी घालून आम्ही तो परत मिळवला. ज्या पैशांत हे सारे व्हायचे होते, ते केव्हाच संपले होते.

इतके करून शेताच्या वाटेला लागलो आणि त्याच जागी तोच खरखराट ऐकू आला. उतरून प्रथमच खाली वाकून पाहिले. घासत होता तो मागच्या अक्षाचा गोळा, डिफरन्शलचा. पाटे आणि शॅकल चासीला उचलतात. अक्ष चाकांना बांधलेला, तो होता तिथेच राहतो. त्याला उचलायचे तर चाक मोठे हवे. मूळच्या २०५/७० मापाऐवजी २१५/७५ घातले, तर व्यास पस्तीस मिलिमीटरने वाढतो आणि गोळा त्याच्या निम्म्याने, जेमतेम अठरा मिलिमीटर, वर जातो. म्हणजे तीन इंचांनी उंच झाले होते ते फक्त आम्ही.

हे इथे संपले असते तर हसून विसरता आले असते. पण त्या हिवाळ्यापासून वडील शेतावर येईनासे झाले. "तुम्ही जाऊन या, मला कंटाळा आलाय," असे म्हणत. वय झाले, असे आम्ही मानले. तसे मानणे सोयीचेही होते. २०१६च्या उन्हाळ्यात आई एकदा सहज बोलून गेली, "अरे, ते गाडीपाशी जातात, दांडी धरतात आणि परत येतात. उजवा गुडघा तेवढा वर जात नाही त्यांचा." दीड वर्ष तो माणूस स्वतःच्या गाडीपुढे उभा राहून परत फिरत होता, आणि गाडीचा कोन न् कोन मोजणाऱ्या आम्हाला हे दिसले नव्हते. त्यांनी तक्रार केली नाही, कारण आमचा उत्साह त्यांनी पाहिला होता.

पुढच्याच रविवारी आम्ही मूळ शॅकल परत चढवल्या, पाचरी काढल्या. ठोकलेले पाटे काकांच्या भाकिताप्रमाणे एव्हाना बरेच बसले होते. पुढे जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले, तेव्हा आम्हाला काही उतरवावे लागले नाही. आमचा निवाडा घरातच होऊन गेला होता.

शॅकल बदलल्या त्या दिवशी वडील बाहेर आले. त्यांनी दांडी धरली, उजवा पाय आत टाकला आणि बसले. म्हणाले काहीच नाही. सडक सुटल्यावर गाडीवाटेच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि मागे बोट दाखवले. मागच्या बाकाखाली पहार होती. ती त्यांनी केव्हा ठेवली, कोण जाणे.

उंचवटा काढायला दोन नव्हे, तीन रविवार लागले. वडील बांधावर बसून देखरेख करत होते.